मोरा बंदरचा पास

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी लाँच सुटली की डाव्या हाताला आधी बुचर बेट, मग घारापुरी दिसू लागते, आणि तासाभराच्या आत माणूस उरणच्या मोरा बंदरावर उतरतो. हा प्रवास मी आयुष्यात किती वेळा केला असेल ह्याची गणती नाही. परंतु गेल्या वर्षी केलेला प्रवास निराळ्या कारणासाठी होता. माझ्या खिशात, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत जपून ठेवलेला, एक जुना छापील कागद होता. तो ज्या बंदरावर वापरण्यासाठी छापला गेला, त्या बंदरावर त्याला एकदा घेऊन जावे असे फार दिवस मनात होते.

हा कागद मला आजोबांच्या पेटीत सापडला. कागद कोरा आहे. उजवी कड फाटलेली, डावीकडे दोरा ओवल्याची भोके. माल कोणाचा, किती गॅलन, कोणत्या कसाचा, कोणत्या बोटीने, कोठून कोठे, किती वाजेपर्यंत, असे त्यावर रकाने आहेत. दारू समुद्रावरून नेण्याचा हा सरकारी पास. माझे आजोबा १८९५ ते १९०० अशी पाच वर्षे उरणला कारकून होते, आणि ती पाच वर्षे त्यांनी असले पास लिहिण्यात घालवली. स्वतः ते माळकरी. आषाढी-कार्तिकी कधी चुकली नाही. दारूचा थेंब तर सोडाच, पण हातावर स्पिरिटचा वास राहिला म्हणून अंघोळ केल्याशिवाय ते देवाजवळ जात नसत, असे आजी सांगे. अशा माणसाने हजारो गॅलन दारू मुंबईला पोचती केली, आणि तीही संपूर्णपणे कायदेशीर! हे कोडे मला लहानपणापासून पडलेले. आजचा हा लेख म्हणजे ते सोडवण्याचा एक प्रयत्न आहे.

प्रथम जागेविषयी दोन शब्द सांगतो. उरण ज्या भूभागावर वसले आहे त्याला जुन्या कागदांत करंजा बेट म्हणतात. दक्षिणेला द्रोणागिरीचा डोंगर, मध्ये खाजणे नि मिठागरे, उत्तरेला मोरा बंदर, आणि समोर पाण्यापलीकडे मुंबई. पोर्तुगीजांनी येथे राज्य केले, मराठ्यांनी ते त्यांच्याकडून घेतले, आणि १७७४ साली साष्टीबरोबर हे बेटही इंग्रजांनी बळकावले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. म्हणजे कोकणातला बाकीचा मुलूख पेशवाईच्या अंतापर्यंत मराठ्यांकडे असताना उरण मात्र मुंबईच्या दाराशी बांधलेले होते. मुंबईला जे हवे, पण मुंबईत जे नको, ते उरणला करावे अशी पुढे रीतच पडली. मीठ उरणला पिके आणि दारूही उरणलाच गाळली जाई.

एकोणिसाव्या शतकात उरणला मोहाच्या दारूच्या भट्ट्यांची एक वसाहतच उभी राहिली. त्यांचे मालक बहुतेक पारशी. मुंबई शहर तेव्हा गिरण्यांमुळे फुगत चालले होते, आणि ह्या वाढत्या शहराला लागणाऱ्या देशी दारूचा मोठा हिस्सा ह्या भट्ट्यांतून जाई. उरणच का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. मला त्याची तीन कारणे दिसतात. भट्टीला आग लागते, सरपण लागते, आणि आंबलेल्या मोहाचा दर्प कोसभर जातो. हे सारे शहराबाहेर असलेले बरे. दुसरे, बंदर जवळ असल्यामुळे माल आणणे-नेणे सोपे. आणि तिसरे कारण सरकारच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. मुंबईकडची वाट पाण्यातून जात असल्यामुळे चोरवाटा थोड्या. रानातल्या भट्टीवर शंभर पायवाटांनी माणसे येतात, परंतु पिंप घेऊन समुद्र ओलांडायचा तर बोट लागते, भरती लागते, धक्का लागतो. आणि धक्क्यावर एक कारकून बसवला की काम भागते. तो कारकून म्हणजे माझे आजोबा.

दारूवर सरकारचे लक्ष काही इंग्रजांपासून सुरू झालेले नाही. कलालांकडून कर घेणे, गावोगावचा मक्ता लिलावाने देणे हे पूर्वीही होते. पण मक्त्याच्या पद्धतीत सरकार मक्तेदाराकडून ठोक रक्कम घेई आणि मोकळे होई. तो किती गाळतो, कोणाला विकतो, हे त्याचे तो पाही. रानातला कातकरी वा ठाकर आपल्या झोपडीमागे मडक्यात मोह आंबवी, दुसऱ्या मडक्याला बांबूची नळी लावून चार शेर दारू उतरवी, सणाला पिई, बाळंतिणीला देई. मक्तेदाराला थोडे पैसे दिले की कोणी विचारीत नसे.

हे चित्र पालटले ते १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. ह्या नव्या व्यवस्थेमागे चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी होता. जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही सारी खाती त्याच्या हाताखाली आलेली. जे तत्त्व त्याने मिठाला लावले तेच दारूला लावले. पदार्थ ठराविक जागीच तयार व्हावा, त्या जागेभोवती पहारा असावा, बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मापावर कर घ्यावा, आणि कर दिल्याचा कागद मालाबरोबर शेवटपर्यंत जावा. कागद असेल तर माल कायदेशीर, नसेल तर तोच माल चोरीचा. इतके हे सोपे तत्त्व होते. मडके आणि बांबूची नळी त्या दिवसापासून गुन्हेगार झाली.

आता एका पिंपाचा प्रवास पाहू. मोहाची फुले उरणची नव्हेत. ती गुजरातेतून, मध्य प्रांतातून रेल्वेने मुंबईला येत, आणि तेथून बोटीत भरून मोऱ्याला उतरत. मोहाचे वाळलेले फूल हातात घेतले तर मनुक्यासारखे लागते, आणि त्यात साखर भरपूर असते. ही फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली, की तो आंबोण तांब्याच्या भांड्यात तापवायचा. वाफ नळीतून नेऊन थंड करायची. खाली दारू ठिबकू लागते. पहिल्या खेपेची दारू सौम्य असते. तीच पुन्हा भांड्यात घालून दुसऱ्यांदा गाळली की कडक होते. बेवड म्हणजे दुप्पट, दुहेरी. दोनदा गाळलेली ती बेवडा. आज हा शब्द पिणाऱ्या माणसाला लावतात. पण मुळात तो त्या दारूचा आहे, आणि त्यात शिवी नव्हती, केवळ हिशेब होता.

हिशेबाची खरी गंमत पुढेच आहे. दारूवर कर घ्यायचा तो पाण्यावर घेऊन चालत नाही. म्हणून तिचा कस मोजावा लागे. त्यासाठी साइक्सचे तरंगमापक येई. पितळेचा तो फुगा, त्याला अडकवायची लहान वजने, सोबत उष्णतामापक आणि कोष्टकांचे पुस्तक. विलायतेत हे यंत्र १८१६ च्या कायद्याने अधिकृत झाले, आणि तेथून ते थेट आमच्या मोऱ्याला आले. लंडनची ‘प्रूफ’ दारू म्हणजे जिच्यात शंभरात सुमारे ५७ भाग मद्यार्क आहे अशी. मुंबई इलाख्यात देशी दारू दोन कसांची विकत. एक प्रूफच्या खाली २५ अंश, म्हणजे शंभरात सुमारे ४३ भाग मद्यार्काची. दुसरी खाली ६० अंश, म्हणजे सुमारे २३ भागांची. आजोबांना इंग्रजी बेताचेच येत असे, पण ही कोष्टके त्यांना हरिपाठासारखी पाठ होती. म्हातारपणीसुद्धा दुपारचे ऊन चढले की, “आज कस एक अंश जास्त दिसेल हो, सूट धरायला हवी,” असे ते आपल्याशीच पुटपुटत. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. मला वाटे, आजोबा कसला तरी मंत्र म्हणताहेत.

माप झाले, कस झाला, कर भरल्याची पावती झाली, की पास लिहायचा. पासाचा एक भाग पुस्तकात राही, एक तांडेलाच्या हाती जाई. मचव्यात पिंपे चढत. वारा आणि भरती साधली तर मचवा सूर्य डोक्यावर येण्याआधी मुंबईच्या धक्क्याला लागे. न साधली तर रात्र पाण्यात काढावी लागे. मग पासावरची वेळ टळे आणि तांडेलाला पलीकडे जबाब द्यावा लागे. पलीकडचा कारकून पुन्हा मोजी, पुन्हा कस पाही. लाकडी पिंपातून वाटेत काही झिरपते, काही उडून जाते. तेवढी तूट माफ असावी लागते. त्याहून अधिक निघाली तर वाटेत कोणीतरी पिंपाला बारीक छिद्र पाडले असा संशय. तेथून माल परवानेवाल्या दुकानात जाई, आणि गिरणीतून सुटलेला मजूर आपल्या पगारातले पैसे टाकून तो पिई. त्या मजुरांत कितीतरी कोकणातले, कितीतरी उरण-पनवेलच्याच बाजूचे असत. म्हणजे मोऱ्याहून दारू जाई, आणि तिच्या पाठोपाठ ती पिणारा माणूसही जाई. मात्र माणसाला पास लागत नसे. अपवाद १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळाचा. तेव्हा मुंबईहून येणाऱ्या उतारूंची बंदरावर तपासणी होई. दारू तपासून तिकडे पाठवायची नि माणसे तपासून इकडे घ्यायची, असे ते दिवस होते, असे आजोबा म्हणत.

आता ह्या नीटनेटक्या कारभाराची दुसरी बाजू. भट्टीच्या दारूवर कर चढला म्हणजे ती महाग झाली. ती महाग झाली म्हणजे झोपडीमागची दारू अधिकच गोड लागू लागली. ती थांबवायची तर तिचे मूळ थांबवले पाहिजे. आणि मूळ म्हणजे मोहाचे फूल. १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांचा कायदा केला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ही फुले बाळगणे, विकणे, नेणे ह्यांवर बंधने आली. वाचकांनी क्षणभर विचार करावा. मोहाचे फूल म्हणजे दारू नव्हे. कातकऱ्यांच्या घरी ते उन्हाळ्याच्या शेवटी, धान्य संपल्यावर, शिजवून खातात, गुरांना घालतात. चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेला तो सडा म्हणजे गरिबाचे दोन महिन्यांचे अन्न. कायद्याच्या डोळ्यांना मात्र त्यात फक्त उद्याची चोरटी दारू दिसली. माडाच्या झाडांवरचा करही ह्याच सुमारास वाढत गेला, आणि वसई-माहीम बाजूच्या भंडाऱ्यांवर पिढीजात धंदा सोडण्याची वेळ आली. उरणच्या भट्टीत मात्र आगगाडीने आलेली फुले वखारीत रचलेली असत. त्यांच्याजवळ कागद होता.

आजोबांनी ह्या संबंधात सांगितलेली एक गोष्ट मी वडिलांकडून ऐकली. एके दिवशी त्यांना पंचनामा लिहिण्यासाठी आतल्या बाजूच्या एका वाडीवर नेले. एका कातकरी म्हातारीच्या झोपडीत फुलांची टोपली नि दोन मडकी सापडली होती. फुले वजन करायची म्हणून तराजू मागवला. म्हातारी रडली नाही, पाया पडली नाही. ती म्हणाली, “सायेब, झाड माझ्या सासऱ्यानं राखलं, फुलं मी येचली. ह्यात सरकारचं काय गेलं?” आजोबांनी ते वाक्य पंचनाम्यात लिहिले नाही, कारण तसा रकाना नव्हता. मडकी फोडण्यात आली. म्हातारीला दंड झाला, आणि दंड भरायला तिने काय विकले हे कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी मोऱ्याला येऊन नेहमीप्रमाणे पिंपांचे पास लिहिले.

“तुम्ही नोकरी का नाही सोडलीत?” असे वडिलांनी एकदा तरुणपणच्या तिखटपणाने त्यांना विचारले. आजोबा म्हणाले, “घरात सहा तोंडे होती, आणि मी सोडली असती तरी दुसऱ्या दिवशी पास निघालेच असते.” पुढे थोडे थांबून म्हणाले, “पण ती बाई मला पंढरपूरला दरवर्षी आठवते.” एवढेच. त्यांनी काही शौर्य गाजवले नाही. मीही त्यांच्या नावावर ते चढवणार नाही. बदली मागितली, ती दोन वर्षांनी मिळाली, आणि उरलेली नोकरी त्यांनी मीठ खात्यात काढली. मिठाचाही पुढे काय इतिहास झाला ते वाचक जाणतातच!

अर्थात ह्या धंद्याला विरोध करणारे आपल्याकडे नव्हते असे नाही. १८८० साली पुण्यात दारूची दुकाने वाढत चाललेली पाहून जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली होती. १९०८ साली टिळकांच्या पाठिंब्याने पुण्याच्या दारू-दुकानांवर निरोधन झाले. परंतु सरकारचा हात ह्या उत्पन्नात इतका खोल गेला होता की तो काढणे सोपे नव्हते. १९१९ च्या सुधारणांनंतर अबकारी खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले, आणि शिक्षणही त्यांच्याचकडे. तेव्हा ध्यानात आले की शाळा चालवायच्या तर दारूच्या पैशावर! गांधीजींना हे अतिशय लाजिरवाणे वाटे, नि १९३७ साली त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवले.

शेवटी १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली. ती आणणारे मंत्री डॉ. गिल्डर, स्वतः पारशी, आणि नामांकित वैद्य. ज्या समाजातील कितीतरी घरांचा पिढीजात धंदा ह्या निर्णयाने बुडणार होता, त्याच समाजातील माणसाने तो निर्णय अमलात आणला, ह्याची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे. ते मंत्रिमंडळ त्याच वर्षी गेले आणि ती बंदीही फार टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर बंदी झाली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमे रद्द केली, पण कायदा उभा राहिला. पुढे साठीच्या दशकात महाराष्ट्राने ती बंदी सैल केली. मात्र कायदा आजही आहे, आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो. गोव्याहून येताना बाटली आणायची तर त्यालाही परवाना लागतोच. प्रिचर्डसाहेबांचा कागद काही सुटला नाही. पूर्वी तो पिंपाबरोबर जाई, आता तो माणसाच्या खिशात आला, इतकाच काय तो फरक.

दारू वाईट की बरी ह्या वादात मी येथे शिरत नाही. गिरणगावातील दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी स्वतः पाहिली आहेत. झोपडीमागची दारूही काही अमृत नव्हे. पण इतिहास वाचताना एक गोष्ट मला टोचत राहते. मोऱ्याहून जाणाऱ्या पिंपात आणि म्हातारीच्या मडक्यात एकाच फुलाचा रस होता. एकाने शहरातल्या मजुराचा पगार गिळला, तरी तो कायदेशीर ठरला. दुसऱ्याने रानातल्या एका घराचा सण साजरा केला आणि तो गुन्हा ठरला. नीती हा शब्द त्या काळच्या सरकारी भाषेत पुष्कळ वेळा आला आहे, पण पासावर तिच्यासाठी रकाना नव्हता. रकाने होते ते गॅलनांचे, कसाचे आणि कराचे.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहाच्या फुलांच्या संकलनावरचे व वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा सवाशे वर्षांपूर्वीच्या त्या टोपलीची आठवण झाली. आता कोणी म्हातारी ती टोपली उघडपणे डोक्यावर घेऊन बाजाराला जाऊ शकेल.

मोऱ्याला उतरलो तेव्हा धक्क्यावर मासळीच्या टोपल्या, मोटारसायकली, कामावर निघालेली मुले अशी नेहमीची गर्दी होती. १९८९ साली पलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, आणि आता उरणचा माल लोखंडी पेट्यांतून जगभर जातो. २०२४ च्या जानेवारीत एकाच दिवशी अटल सेतूही खुला झाला नि उरणची रेल्वेही. लाँचने येणारे आता माझ्यासारखे जुनेच लोक. धक्क्यावरच्या एका वृद्ध कोळी गृहस्थाला मी भट्ट्यांविषयी विचारले. ते म्हणाले, “भट्ट्या आमच्या बापानं पाहिल्या. आम्ही नाव ऐकलं.” मी कागद काढून त्यांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, चष्मा नव्हता म्हणून वाचता आला नाही, आणि सहज विचारले, “ह्याच्यावर दारू जायची?” मी हो म्हणालो. “एवढ्याशा कागदावर!” असे म्हणून त्यांनी तो मला परत दिला.

उरण, पनवेल, अलिबाग भागातील ज्या वाचकांच्या घरी असले जुने पास, पावत्या, भट्टीच्या वह्या माळ्यावर पडल्या असतील, त्यांना माझी विनंती आहे की त्या रद्दीत घालू नयेत. जवळच्या ग्रंथालयात द्याव्यात. पिंपांचा हिशेब सरकारी दप्तरात सुरक्षित आहे. म्हाताऱ्यांचा कुठेच नाही. तो अशाच कागदांच्या कोऱ्या पाठींवर, कोणा कारकुनाने चुकून काही खरडून ठेवले असेल तर, सापडायचा.